सहावीतला मुलगा, काळा रंग आणि फाटलेला कागद

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम. ए. केलंय. चित्रकला शिकलेली नाही, 'कला आणि समुपदेशन' अशी दोन दिवसांची कार्यशाळा तेवढी केली आहे. सहावीतल्या एका मुलाचे वडील आठ महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेले. तेव्हापासून तो वर्गात गप्प असतो, माझ्यासमोरही 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नाही. मागच्या आठवड्यात त्याला वहीचा कागद, जलरंग आणि ब्रश दिला आणि 'तुझ्या घराचं चित्र काढ' म्हटलं. त्यानं घर काढलं आणि मग त्यावर काळा रंग फिरवत राहिला, कागद भिजून फाटेपर्यंत. मी घाबरून विचारलं, 'काळाच का? मनात काय चाललंय?' तो उठून निघून गेला. आता वर्गशिक्षिका आणि त्याची आई दोघी विचारतात, चित्रावरून काय कळलं? मोबाईलवर आलेल्या एका तक्त्यात काळा रंग म्हणजे नैराश्य असं दिलंय. मुख्याध्यापकांना मुलांची अशी चित्रं स्नेहसंमेलनात लावायची आहेत. माझं कुठे चुकलं? पुढे काय करू? तो फाटका कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

उत्तर:

ताई, आधी त्या कागदाबद्दल बोलू, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे. वहीचा कागद साधारण ६० जीएसएमचा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला ६० ग्रॅम. तो शाईसाठी बनवलेला असतो. त्यावर ओला ब्रश एकाच जागी आठ-दहा वेळा फिरला की तंतू सुटतात, कागदाच्या बारीक गोळ्या निघायला लागतात आणि मग तो फाटतो. आनंदात असलेल्या मुलाच्या हातूनही तो फाटला असता. तेव्हा 'कागद फाटेपर्यंत रंगवलं' या वाक्यातला 'फाटेपर्यंत' हा भाग मुलाच्या मनाच्या खात्यावर टाकू नका. त्याला मात्र तसं वाटलं नसेल. आपण काहीतरी बिघडवलं आणि बाई घाबरल्या, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं असण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरी गोष्ट साधनाची. सँड्रा केगिन आणि विजा ल्यूसब्रिंक या दोघींनी १९७८ मध्ये कला-उपचारासाठी जी चौकट मांडली, तिच्यात साधनांकडे बघायची एक साधी नजर आहे. काही साधनं हाताला विरोध करतात: पेन्सिल, रंगीत पेन्सिल, स्केचपेन, कात्री लावून चिकटवायची चित्रं. त्यांच्यावर ताबा राहतो, डोकं चालू राहतं. काही साधनं वाहतात: पातळ जलरंग, बोटांनी लावायचे रंग, ओलीकच्च माती. ती भावना पटकन वर आणतात आणि ताबा सुटतो. तेलखडू मधोमध येतात. ज्या मुलानं आठ महिने स्वतःला घट्ट आवळून धरलंय, त्याच्या हातात पहिल्याच दिवशी सगळ्यात वाहतं साधन दिलं गेलं, आणि काठ म्हणून मिळाला तो न टिकणारा कागद. साधनांची ही उतरंड दोन दिवसांच्या कार्यशाळेत अनेकदा सुटून जाते. तिथे सगळे मोठे असतात, आनंदानं रंगांत हात बुडवतात आणि संध्याकाळी हलके होऊन घरी जातात.

तिसरी गोष्ट विषयाची. 'घर काढ' हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. पण ज्या घरातला माणूस आठ महिन्यांपूर्वी गेला, त्या घराचं चित्र म्हणजे थेट प्रश्नच आहे: आता घरात कोण कोण आहे? वडिलांना काढायचं की नाही, काढलं तर कुठे, न काढलं तर ती जागा तशीच मोकळी सोडायची का? कोऱ्या कागदासमोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला हे सगळं एकदम सोडवायला लागलं. झाकून टाकणं हे त्याचं उत्तर असू शकतं, आणि ते उत्तर म्हणून वाईट नाही.

आता काळ्या रंगाच्या तक्त्याकडे. घर, झाड, माणूस काढायला लावून त्यावरून व्यक्तिमत्त्व वाचायची चाचणी जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडली. मोबाईलवर फिरणारे तक्ते अशाच चाचण्यांची फार पातळ झालेली नक्कल असतात. मूळ चाचणीतही एकेका खुणेला एकेक अर्थ लावायच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका झाली आहे, कारण तेच चित्र दोन तज्ज्ञ दोन तऱ्हांनी वाचतात. काळ्या रंगाची कारणं कितीतरी असतात. पेटीतली तीच वडी अख्खी होती. रात्र काढायची होती. घर बिघडलं, ते झाकायचं होतं. काळा त्याला आवडतो. किंवा खरंच मनात अंधार आहे. यातलं कोणतं, ते फक्त तो सांगू शकतो, आणि सांगेल तेव्हा सांगेल. तो तक्ता फोनमधून काढून टाका. डोक्यात असला की तुमची नजर मुलाकडून रंगाकडे जाते.

आणि 'का'. मुलांच्या कानाला 'का' हा शब्द जाब विचारल्यासारखा लागतो. गृहपाठ का नाही केला, उशीर का झाला, या रांगेत 'काळाच का' जाऊन बसतं.

चूक मोठी नाही आणि भरून येणारी आहे. पुढच्या भेटीची सुरुवात तुम्ही करा, त्याच्याकडून काही अपेक्षा न ठेवता: "मागच्या वेळी मी दिलेला कागद फार पातळ होता, म्हणून फाटला. आणि मी एकदम प्रश्न विचारले. आज जाड कागद आणलाय, आणि बोलायचं की नाही ते तू ठरव." एवढंच. यावर तो काही म्हणाला नाही तरी पुढे चला.

जाड म्हणजे किती? खडू आणि पेन्सिलसाठी १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद पुरतो. पुढे कधी जलरंग द्यायचे झाले तर २०० च्या वरचा घ्या, ३०० चा मिळाला तर उत्तम, आणि चारही कडा कागदी चिकटपट्टीनं पाटावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवा. कागद फारसा फुगत नाही, आणि पट्टी काढल्यावर चारही बाजूंनी पांढरी चौकट राहते. त्या चौकटीचा मुलांना फार आधार वाटतो, कारण आत काहीही झालेलं असलं तरी त्याला काठ असतो. आकार ए-फोर किंवा त्याच्या निम्मा ठेवा. भरलेल्या मनाच्या मुलाला मोठा कागद 'मोकळा हो' म्हणून देतात, पण मोठा कागद भरायचं ओझंही मोठं असतं.

टेबलावर साधनं दोन किंवा तीनच: एक मऊ पेन्सिल (टू-बी किंवा फोर-बी), बारा तेलखडू, एक काळं स्केचपेन. सगळं कपाट उघडून 'हवं ते घे' म्हटलं की गप्प मूल आणखी आखडतं. खडूंचा डबा आधी बघून घ्या. सगळ्या रंगांचे तुकडे आणि काळाच अख्खा असं नको. खोडरबर ठेवू नका, म्हणजे बिघडलेलं पुसण्यात तास जात नाही. त्याऐवजी जादा कागद दिसेल असे ठेवा. त्याच्या समोर बसू नका, टेबलाच्या कोपऱ्यावर काटकोनात बसा. दोघांची नजर कागदावर राहते, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला ही केवढी मोठी सुटका असते.

पहिला खेळ रेघोट्यांचा. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मुलांशी असाच खेळायचे. तुम्ही डोळे मिटून कागदावर एक वेडीवाकडी रेघ काढायची, त्यानं ती फिरवून बघायची आणि तिच्यातून काहीतरी बनवायचं: मासा, नदी, चप्पल, काहीही. मग रेघ त्याची आणि बनवायचं तुम्ही. कागद ए-फोरचा अर्धा, पेन्सिल एकच, सहा ते आठ फेऱ्या. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे तुम्हीही काढता, तीही वाईट काढता, त्यामुळे परीक्षा संपते. आपल्याकडे हा मुद्दा खरा आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड माहीत असलेल्या मुलांना ड्रॉइंगचा कागद दिसला की गुण दिसतात. त्यातून दहा-अकराव्या वर्षी 'हुबेहूब आलं पाहिजे' हा हट्ट सुरू होतो आणि बरीच मुलं 'मला चित्र येत नाही' म्हणून हात आखडता घेतात. दुसरं म्हणजे देवाणघेवाण सुरू होते. एकही शब्द न बोलता तुमची पाळी, माझी पाळी असं चालतं, आणि संवाद म्हणजे तरी मुळात तेच.

या भेटीत अर्थ काढू नका. आठ रेघोट्यांतून पाच वेळा गाडी निघाली तरी 'गाडीच का' नको. नंतर नोंद करा.

शाळेचा तास ३५ किंवा ४० मिनिटांचा असतो. त्यातली पहिली पाच मिनिटं टेकायला, पंधरा-वीस काढायला, आठ-दहा बघायला, शेवटची पाच आवरायला. आवरायची पाच मिनिटं कधीही खाऊ नका. घंटा झाली म्हणून अर्ध्या चित्रावरून उठलेलं मूल पुढच्या गणिताच्या तासाला ते चित्र डोक्यात घेऊन बसतं. संपायच्या सात-आठ मिनिटं आधी सांगा, 'आता थोडा वेळ राहिला.' खडू डब्यात लावणं, हात धुणं, चित्र फाइलमध्ये ठेवणं ही कामं त्यालाच करू द्या. हातावरून पाणी जातं, श्वास खाली बसतो.

बघायच्या दहा मिनिटांत चित्र भिंतीला टेकवून दोघंही तीन-चार पावलं मागे जा. लांबून ते वेगळं दिसतं, ज्यानं काढलं त्यालाही. मग विचारण्यापेक्षा दिसलेलं बोला: 'इथे हात जोरात चालला होता.' 'हा कोपरा मोकळा आहे.' थांबा. मनात दहापर्यंत मोजा. तो गप्प राहिला तर राहू द्या. प्रश्न विचारायचाच तर चित्राला विचारा, मुलाला नको: या चित्रात आत शिरायचं तर वाट कुठून? या माशाला काय ऐकू येत असेल? चित्राला नाव द्यायचं का? 'हा मासा म्हणजे तूच ना?' असं कधीही म्हणू नका. मासा मासा आहे तोवर तो त्याच्याबद्दल बोलू शकतो. तुम्ही तो मासा त्याच्यावर उलटवलात की दार बंद. 'वा, छान!' हेही टाळा. ऐकायला विचित्र वाटेल, पण 'छान' म्हटलं की पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी छान काढतो, डोंगर, सूर्य, नारळाचं झाड, आणि स्वतःचं काढायचं राहून जातं.

तीन-चार भेटी नीट झाल्या की मातीकडे जाता येईल. आपल्याकडे शाडू सहज मिळते. मोसंबीएवढा गोळा पुरे. मळताना पोळीच्या कणकेपेक्षा घट्टच ठेवा. पातळ झाली की ती बोटांना चिकटते आणि मघाशी सांगितलेल्या वाहत्या साधनांत जाऊन बसते. उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. शाडू वाळताना तडकते हे त्याला आधीच सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्यानं बनवलेल्या गोष्टीचा हात तुटलेला दिसेल, आणि वडील अपघातात गेलेल्या मुलासाठी ते साधं राहत नाही. टेबल ओल्या फडक्यानं पुसा. वाळलेली झाडली की धूळ छातीत जाते.

वडिलांचा विषय तुम्ही काढायचा नाही, पण त्याला जागा ठेवायची. त्यासाठी बुटांचं रिकामं खोकं चांगलं. त्यावर चित्रं चिकटवायची: बाहेरून लोकांना दिसतं ते, आतून फक्त आपल्याला माहीत असतं ते. जुन्या मासिकांतली तीस-चाळीस चित्रं आधीच कापून पाकिटात ठेवा: माणसं, वाटा, जनावरं, अन्न, गाड्या, रिकाम्या खोल्या. मासिकच हातात दिलं की मुलं वाचत बसतात. खोक्याला झाकण असतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आतलं दाखवायचं की नाही ते त्याच्या हातात, आणि झाकण लावूनच ते तुमच्या कपाटात जातं. दोन-तीन आठवडे एकाच खोक्यावर काम चालू द्या.

मध्येच भावना अंगावर आली तर ते ओळखायला शिका. श्वास उथळ आणि भरभर होतो, रंग कागदाबाहेर टेबलावर जातो, हात न थांबता एकाच जागी घासत राहतो, किंवा उलट, मूल एकदम थिजतं आणि नजर कुठेच नसते. अशा वेळी 'बोल, मोकळा हो' म्हणू नका. वाहत्या साधनाकडून घट्टकडे या. ब्रश काढून घ्यायचा नाही, शेजारी लहान कागद आणि पेन्सिल सरकवायची: 'याच्यावर या खोलीतल्या पाच चौकोनी वस्तू काढ बघू.' पाय जमिनीवर टेकलेत का बघा, पाणी द्या. मागच्या आठवड्यात हेच करता आलं असतं, आणि पुढे कधी तो पुन्हा काळं करत सुटला तर हेच करा. काळं करणं थांबवायचं नाही, त्याला बसायला जागा द्यायची. कागदावर ताट उपडं ठेवून पेन्सिलनं गोल काढून दिलात तरी चालेल, 'हवं तेवढं काळं या गोलात.'

प्रत्येक भेटीनंतर दहा मिनिटांच्या आत पाच ओळी लिहा: कोणतं साधन आधी उचललं, कुठे थांबला, काय पुसलं किंवा झाकलं, त्याचे शब्द जसेच्या तसे, जाताना कसा गेला. 'उदास वाटला' लिहू नका, 'मान खाली, खडू तीनदा बदलला' लिहा. सहा आठवड्यांनी या ओळी एकत्र वाचल्या की जे दिसेल ते एकेका चित्रात दिसत नाही.

आईला काय सांगायचं? खरं तेच: "चित्रावरून निदान होत नाही. तो वीस मिनिटं मन लावून बसतो, ही चांगली गोष्ट आहे. काय काढलं ते त्याला वाटलं तर तो दाखवेल." आणि एक विनंती करा, घरी त्याला चित्र काढायला बसवू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच. तिचाही नवरा गेला आहे. तिची झोप, जेवण कसं आहे, ते विचारायला विसरू नका. वर्गशिक्षिकेला चित्र दाखवायची गरज नाही. त्यांच्याकडून वर्गातलं काय दिसतं ते ऐकून घ्या: डबा खातो का, कुणाशेजारी बसतो.

मुख्याध्यापकांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. समुपदेशनात काढलेलं चित्र हे समुपदेशनात बोललेल्या वाक्यासारखंच गोपनीय असतं. नाव झाकलं तरी गावात कुणाचं ते कळतं. आणि चित्र भिंतीवर जाणार हे एकदा मुलांना समजलं की तुमच्या खोलीत पुन्हा खरं चित्र निघणार नाही. स्नेहसंमेलनासाठी चित्रकलेच्या तासाला वेगळी चित्रं करून घ्या. प्रदर्शनासाठी म्हणून काढलेली चित्रं प्रदर्शनात लावण्यात काहीच गैर नाही. फोनवर फोटो नको, कुठल्या ग्रुपवर तर नकोच. चित्राच्या मागे पेन्सिलनं तारीख आणि तुमची खूण, फाइल कुलपात.

तुमच्या प्रशिक्षणाबद्दलही बोलायला हवं. तुम्ही समुपदेशनात कलेचा आधार घेत आहात. कला-उपचारक होण्यासाठी बरंच लांबचं शिक्षण आणि देखरेखीखालचं काम लागतं. हा फरक स्वतःशी आणि पालकांशी स्वच्छ ठेवा. नुसतं काढण्यालाही मोल आहे: अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं चित्र, माती, चिकटकाम करू दिलं, आणि साधारण तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. चित्रकलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्यानं त्यात फरक पडला नाही. पण ती धडधाकट मोठी माणसं होती. दुःखातल्या मुलाचा उपचार एवढ्यावर उभा राहत नाही.

म्हणून पुढे कुठे पाठवायचं ते आधीच ठरवून ठेवा. झोप-जेवण सतत बिघडलेलं, अभ्यासातून पूर्ण बाहेर पडलेला, वडिलांच्या अपघाताची तीच ती दृश्यं दिवसाढवळ्या दिसतात असं सांगतोय, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे न्यायला आईला मदत करा. चित्रात किंवा बोलण्यात स्वतःला संपवण्याचा विषय आला तर चित्राआडून बोलत राहू नका. सरळ विचारा, 'तुला मरावंसं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारलं नाही तर तो एकटा पडतो. त्या दिवशी त्याला एकटं घरी सोडू नका आणि आईला लगेच बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि कुठल्याही मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. नुसत्या चित्रावरून तसा निष्कर्ष काढू नका, पण त्याचे शब्द ऐकलेत तर ते जसेच्या तसे लिहा, आणि आपल्या मनातली उत्तरं त्याच्या तोंडी घालणारे प्रश्न विचारू नका.

राहिला तो ड्रॉवरमधला कागद. तो वाळला असेल, कडा वळल्या असतील. सरळ करायला इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावून जोडूही नका. एका जाड पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये आहे तसा ठेवा. ती फाइल आता त्याची. पुढच्या भेटीत कागदाबद्दल आणि प्रश्नांबद्दल बोलून झालं की सांगा, "तुझं मागचं चित्र मी ठेवलंय, या फाइलमध्ये आहे. बघायचं असेल तर बघ." तो जोडायला मागेल तर चिकटपट्टी त्याच्या हातात द्या. बघितलं नाही तर फाइल टेबलाच्या कडेला तशीच राहू द्या आणि रेघोट्या सुरू करा. 'फेकून द्या' म्हणाला तर एकदाच विचारा, 'आज की पुढच्या आठवड्यात?' आजच म्हणाला तर टोपली पुढे करा, टाकू दे त्याला.